मोटारगाडीचे सस्पेन्शन व त्यातील सुधारणा

मोटारगाडीचे सस्पेन्शन म्हणजे गाडीची चाके आणि तिचा सांगाडा यांना जोडणारी स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर, आर्म व रबरी बुश यांची एकत्रित यंत्रणा होय. या यंत्रणेकडे दोन कामे असतात. रस्त्यावरील खाचखळग्यांचा धक्का आत बसलेल्या माणसांपर्यंत पोहोचू न देणे हे पहिले काम, आणि चारही चाके शक्य तितका वेळ रस्त्याला टेकलेली ठेवणे हे दुसरे. पहिल्या कामावर प्रवासाचा आराम अवलंबून असतो, तर दुसऱ्यावर गाडीवरील ताबा. आरामाची उणीव प्रवाशाला लगेच जाणवते. ताब्याची उणीव मात्र बहुधा ब्रेक दाबल्यावर किंवा ओल्या वळणावरच कळते.

कारखान्यातून आलेले सस्पेन्शन हे किंमत, भार, आराम आणि ताबा यांत काढलेला मध्यम मार्ग असतो. त्यामुळे स्थानिक रस्ते व स्वतःची गरज पाहून त्यात फेरफार करण्याकडे अनेक वाहनमालकांचा कल असतो. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांत महामार्गाचे काँक्रीट, खड्डे पडलेले डांबर, खिंडीतील वळणे आणि खाऱ्या हवेचा प्रदेश हे सारे थोड्या अंतरात भेटते. म्हणून या लेखातील बरीच उदाहरणे त्या भागातील आहेत.

नाव व परिभाषा

‘सस्पेन्शन’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ‘टांगणे’ असा आहे. युरोपातील जुन्या घोडागाड्यांचा डबा चामड्याच्या जाड पट्ट्यांनी चौकटीला टांगलेला असे. पुढे पट्टे गेले, पोलादी स्प्रिंगा आल्या; नाव मात्र तेच राहिले. मराठीत ‘निलंबन’ हा शब्दशः प्रतिशब्द काही लेखनात आढळतो. तथापि निलंबन म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सरकारी कर्मचारी उभा राहतो, मोटारगाडी नव्हे. त्यामुळे तो शब्द रुळलेला नाही. गॅरेजमध्ये पट्ट्यांच्या स्प्रिंगेला ‘पाटे’ किंवा ‘कमान’ म्हणतात, तर शॉक ॲब्सॉर्बरचे ‘शॉकअप’ झाले आहे. स्प्रिंग थकून गाडीची उंची कमी झाली की ‘गाडी बसली’ असे म्हटले जाते, आणि ते वर्णन अचूक आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

शेतमाल वाहणाऱ्या पारंपरिक बैलगाडीला स्प्रिंग नसते. तिची साटी थेट आसावर टेकलेली असते आणि धक्का शोषण्याचे काम गवताचा पेंढा, घोंगडी व मंद गती यांवर सोडलेले असते. बैलाच्या चालीला तेवढे पुरते. वेग वाढला की धक्क्याची तीव्रता झपाट्याने वाढते, म्हणून स्प्रिंगेची खरी गरज वेगवान घोडागाड्यांना भासली. इंग्लंडमध्ये १८०४ साली ओबाडाया इलियट याने लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगेचे पेटंट घेतले. त्यामुळे गाडीखालची जड चौकट अनावश्यक ठरली आणि घोडागाड्या हलक्या झाल्या. सुरुवातीच्या मोटारगाड्यांनी हेच पाटे उचलले.

पुढील आस अखंड असला की एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या चाकालाही हलवतो. हा दोष टाळण्यासाठी प्रत्येक पुढील चाक स्वतंत्रपणे वरखाली होईल अशा रचना १९३० च्या दशकात प्रचारात आल्या. फोर्ड कंपनीतील अभियंता अर्ल मॅकफर्सन याने स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात बसवण्याची युक्ती योजली. ‘मॅकफर्सन स्ट्रट’ या नावाने ती ओळखली जाते आणि आज भारतातील बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांना हीच रचना असते. फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीने १९४८ साली लोकांसमोर आणलेल्या २सीव्ही या स्वस्त गाडीमागची अपेक्षा प्रसिद्ध आहे: नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फुटता गेली पाहिजे. तिची स्प्रिंग अतिशय मऊ व लांब पल्ल्याची होती. वळणावर ती भलतीच कलत असे, पण रस्ता मात्र सोडत नसे.

भारतात दीर्घकाळ चाललेल्या गाड्यांपैकी अँबेसेडरच्या पुढच्या बाजूस पिळाचा दांडा, म्हणजे टॉर्शन बार, आणि मागे पाटे होते. मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे गुंडाळी स्प्रिंग व मागे पाटे असत. जीपला चारही चाकांवर पाटे होते. ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र दिसणाऱ्या बोलेरोला पुढे गुंडाळी स्प्रिंग आणि मागे पाटे आहेत. ही जुनी रचना टिकण्याचे कारण मागासलेपण नाही. पाटे भार पेलतात, आसाला जागेवर धरून ठेवतात आणि त्यांतील एखादे पान तुटले तरी गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत आणता येते.

स्प्रिंगेचे कार्य

रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार स्प्रिंगेवर जितका भार वाढेल तितक्याच प्रमाणात ती दबते. एखाद्या गाडीच्या मागच्या चाकावरील स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यास २० न्यूटन बल लागत असेल, आणि माणसे व सामान मिळून त्या चाकावर १०० किलोग्रॅम अधिक भार आला, तर गाडीचा तो कोपरा सुमारे ४९ मिलिमीटर खाली जाईल. गणेशोत्सवासाठी कोकणात निघालेली, पाच माणसे व डिकी भरून सामान घेतलेली मोटार मागून बसलेली दिसते त्याचा हिशेब असा आहे. मागची बाजू खाली गेल्यामुळे दिव्यांचा झोत वर जातो, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि स्प्रिंगेला धक्का घेण्यासाठी उरलेला पल्ला अपुरा पडतो. अशा गाडीने खड्ड्यात आपटणे ही स्प्रिंग मऊ असल्याची नव्हे, तर पल्ला संपल्याची खूण असते.

स्प्रिंगेवर ठेवलेले ओझे विशिष्ट गतीने झुलते. ही गती, म्हणजे एका सेकंदातील झोक्यांची संख्या, स्प्रिंगेची कडकी आणि तिच्यावरील वस्तुमान यांवर ठरते. सामान्य प्रवासी मोटारींत ती १ ते १.५ हर्ट्झ ठेवतात; माणसाच्या चालण्याच्या लयीहून ती फारशी दूर नाही, आणि शरीर ती सहज सोसते. याउलट ४ ते ८ हर्ट्झ या पट्ट्यातील उभी कंपने बसलेल्या माणसाला सर्वांत त्रासदायक होतात, कारण धड व पोटातील अवयव त्याच सुमारास प्रतिसाद देतात. पाठीच्या रुग्णाला किंवा गरोदर स्त्रीला एखादी गाडी सोसवते आणि दुसरी सोसवत नाही, यात या फरकाचा मोठा वाटा असतो.

काँक्रीटच्या रस्त्यावर साधारण दर ४.५ मीटरवर आडवा सांधा ठेवलेला असतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ५ सांधे तिच्या चाकाखालून जातात. रस्ता दिसायला गुळगुळीत असूनही सांध्यांच्या कडा खालीवर असतील तर ‘ठक-ठक’ अशी जी थरथर अंगात भरते ती नेमकी त्रासदायक पट्ट्यात पडते. मातीचा भराव खचून रस्त्याला लांबच लांब लाटा आलेल्या असल्या तर वेगळेच घडते. अशा लाटा १२ मीटर अंतरावर असतील आणि गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिला सेकंदाला १.२५ झोके मिळतात. हा आकडा गाडीच्या स्वतःच्या झुलण्याशी जुळतो आणि प्रत्येक लाटेसरशी झोका वाढत जातो. अशा ठिकाणी वेग थोडा कमी केला तरी झोका मोडतो. शॉक ॲब्सॉर्बर थकलेले असतील तर तेवढाच उपाय हाती उरतो.

शॉक ॲब्सॉर्बर

नावावरून होणारा समज चुकीचा आहे. धक्का मुख्यतः स्प्रिंग शोषते. शॉक ॲब्सॉर्बर हा स्प्रिंगेचे झुलणे थांबवतो. तेलाने भरलेल्या नळीत सच्छिद्र दट्ट्या वरखाली सरकतो, तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावर तासभर चाललेल्या गाडीचा शॉक ॲब्सॉर्बर हाताला गरम लागतो तो यामुळेच. बहुतेक मोटारींत तो दबताना कमी आणि ताणला जाताना अधिक विरोध करतो, कारण खड्ड्याच्या कडेवर चाक झटकन वर जाऊ देणे आणि नंतर ते सावकाश खाली येऊ देणे हिताचे असते.

सततच्या आदळआपटीत तेलात हवा मिसळून फेस होतो आणि विरोध घटतो. हे टाळण्यासाठी नळीत दाबाखाली नायट्रोजन भरण्याची पद्धत फ्रेंच शास्त्रज्ञ ख्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बों याने १९५० च्या दशकात विकसित केली. बाजारात ‘गॅस शॉकअप’ म्हणून मिळतात ते याच तत्त्वाचे. गॅस म्हणजे अधिक मऊपणा असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात गॅसमुळे कामगिरीतील सातत्य वाढते, मऊपणा नव्हे. महाराष्ट्रात या भागांच्या निर्मितीची परंपरा जुनी आहे: १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडिया या कंपनीचा पहिला कारखाना मुंबईत मुलुंड येथे होता.

शॉक ॲब्सॉर्बर एका दिवसात निकामी होत नाही. तो हळूहळू थकतो, आणि चालकाला त्याची सवय होत जाते. त्यामुळे गाडी धोकादायक झाली हे रोज ती चालवणाऱ्यालाच शेवटी कळते. नळीवर ओला तेलकट थर, टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखी झीज आणि ब्रेक दाबताच पुढची बाजू खाली डुबकणे ही त्याची लक्षणे होत. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडला असता ती एकदा वर येऊन स्थिर व्हावी, अशी एक घरगुती कसोटी आहे. पूर्ण निकामी झालेला शॉक ॲब्सॉर्बर तीत पकडला जातो. अर्धवट थकलेला मात्र सहज निसटतो.

धोका आरामापुरता नसतो. हवेत उडालेले चाक ब्रेकच्या उपयोगी पडत नाही आणि स्टिअरिंगलाही दाद देत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगात अर्धा मीटर लांबीचा खड्डा सेकंदाच्या तीन शतांश भागात ओलांडला जातो, परंतु त्यानंतर चाक उड्या मारत राहिले तर पुढचे कित्येक मीटर गाडी पूर्ण ताब्यात नसते.

पेण–रोहा परिसरातील रस्ते

मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक १७, आताचा ६६) पनवेलहून पेणला येतो. पेणच्या पुढे वडखळला अलिबागचा फाटा फुटतो आणि महामार्ग नागोठणे, सुकेळी खिंड व कोलाड असा दक्षिणेला जातो. कुंडलिका नदीकाठचे रोहा महामार्गापासून आत आहे. तेथे नागोठण्याहून भिसे खिंडीच्या वाटेने किंवा कोलाडहून पोहोचता येते. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. पावसाळ्यातील खड्डे, तात्पुरती वळणे व अर्धवट पूल यांविषयी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाल्या. सस्पेन्शनमध्ये सुधारणा करण्याचा विचार या भागात हौसेपेक्षा नाइलाजातून अधिक येतो.

गतिरोधकांचा प्रश्न वेगळाच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सर्वसाधारण गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर व रुंदी ३.७ मीटर असावी आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा. गावोगावी प्रत्यक्षात दिसणारे अरुंद, उभट उंचवटे या मापात बसत नाहीत. त्यांवरून ताशी दहा किलोमीटरनेही गाडीचे पोट घासते, आणि वाहनमालक मग गाडी उंच करून घेण्याच्या मागे लागतात.

पेण शहर आणि हमरापूर, जोहे यांसारखी जवळची गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. येथून मूर्ती टेम्पोने मुंबई-पुण्याकडे आणि दूरवर जातात. सस्पेन्शनच्या दृष्टीने ही वाहतूक अवघड आहे. मालवाहू टेम्पोचे पाटे पूर्ण भाराच्या हिशेबाने कडक केलेले असतात. मूर्ती जागा पुष्कळ व्यापतात, पण त्यांचे वजन त्या मानाने थोडे असते. परिणामी टेम्पो दिसायला भरलेला आणि स्प्रिंगेच्या लेखी जवळजवळ रिकामा असतो, आणि तो सर्वाधिक आदळतो. सुकलेल्या शाडूला वाकणे ठाऊक नसते. बोट, सोंडेचे टोक किंवा कान असा बाहेर आलेला नाजूक भाग आधी जातो. पेंढ्याचा थर येथे दुय्यम स्प्रिंगेचे काम करतो. आणखी एक मार्ग म्हणजे टेम्पोच्या तळाला वाळूच्या गोण्यांसारखे मृत वजन ठेवणे. वजन वाढले की झुलण्याची गती कमी होते आणि पाटे प्रत्यक्ष काम करू लागतात. हाच दोष लहान मालवाहू वाहनाच्या सांगाड्यावर उभारलेल्या रुग्णवाहिकेत राहू शकतो. तेथे आत पेंढा नसतो, रुग्ण असतो.

रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीमुळे या रस्त्यांवर रसायनांचे टँकर मोठ्या संख्येने असतात. अर्धवट भरलेल्या टँकरमधील द्रव वळणावर एका बाजूला धावतो. सस्पेन्शन त्या बाजूला आधीच दबलेले असते, त्यात हा भार पडतो. म्हणून खिंडीतील वळणांवर टँकरचा सुरक्षित वेग मोटारीच्या वेगाहून बराच कमी असतो.

वळणावरील भार व गाडीची उंची

वळण घेताना गाडीचा भार आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर सरकतो. तो किती सरकेल हे गाडीचे वजन, वळणाची तीव्रता, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर यांवर अवलंबून असते. स्प्रिंग कडक केल्याने तो कमी होत नाही. कडक स्प्रिंगेमुळे गाडी कलते कमी, आणि कलणे दिसत नाही म्हणून चालकाला ताबा वाढल्यासारखे वाटते.

बाराशे किलोग्रॅम वजनाची, ५५ सेंटिमीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेली आणि चाकांमध्ये १.४५ मीटर अंतर असलेली मोटार मध्यम वेगाने वळत असता (गुरुत्वीय त्वरणाच्या ०.४ पट) सुमारे १८२ किलोग्रॅम भार बाहेर सरकतो. ती ३ सेंटिमीटर खाली बसवली तर हा आकडा १७२ होतो. दहा किलोग्रॅमच्या लाभासाठी तीन सेंटिमीटर मोकळी उंची द्यावी लागते, आणि उभट गतिरोधकांच्या प्रदेशात ती परवडत नाही. मॅकफर्सन रचनेच्या गाडीत तर जास्त खाली बसवल्यावर खालच्या आर्मचे कोन बदलतात आणि कलण्याची प्रवृत्ती उलट वाढू शकते. गाडी उंच करण्यालाही किंमत आहे. पाच सेंटिमीटर उंची वाढवल्यास वरच्याच उदाहरणात १९९ किलोग्रॅम भार सरकतो, ड्राइव्ह शाफ्टचे सांधे वाकड्या कोनात फिरून लवकर झिजतात आणि चाकांची संरेखने बिघडतात.

पुढील दोन चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार कलणे रोखतो आणि सरकणारा भार पुढे व मागे कसा वाटला जाईल हे ठरवतो. पुढचा बार जाड केला तर पुढची चाके आधी पकड सोडतात आणि गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. मागचा जाड केला तर मागची बाजू आधी घसरते, आणि ती सावरणे नवख्या चालकाच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून केवळ मागचा बार वाढवण्याचा प्रयोग ओल्या रस्त्यांच्या प्रदेशात धोक्याचा ठरतो.

सुधारणेचा क्रम

सर्वांत फलदायी सुधारणा बहुधा नवा भाग लावणे ही नसून जुना भाग मूळ स्थितीत आणणे ही असते. पन्नास-साठ हजार किलोमीटर खराब रस्त्यावर चाललेल्या गाडीचे खालच्या आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, स्ट्रटच्या माथ्यावरील रबर आणि बंप स्टॉप हे भाग झिजलेले असू शकतात. त्यांची किंमत तुलनेने कमी असते आणि ते बदलल्यावर खडखडाट जातो, स्टिअरिंग सरळ होते, टायरची झीज थांबते. झिजलेल्या बुशांवर महागडी स्प्रिंग बसवणे म्हणजे कुजलेल्या वाशांवर नवी कौले घालण्यासारखे आहे. शॉक ॲब्सॉर्बर नेहमी एका आसावरील दोन्ही एकदम बदलावेत. एक नवा व एक जुना ठेवल्यास ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते.

टायर हीदेखील एक स्प्रिंग आहे. मोठ्या व्यासाची रिम आणि कमी जाडीचा टायर हा फेरफार दिसण्यासाठी लोकप्रिय असला, तरी त्यात हवेची उशी पातळ होते आणि चाकाचे वजन वाढल्यास ते खड्ड्यातून वर येऊन परत टेकायला अधिक वेळ घेते. खड्ड्याच्या कडेवर टायरची बाजू फुगण्याचा व रिम वाकण्याचा धोकाही वाढतो. आराम हाच हेतू असेल तर कंपनीने सांगितलेल्या मापाचा टायर आणि भारानुसार योग्य हवा यांनी जे साधते ते अन्य उपायांनी क्वचितच साधते.

स्प्रिंग बदलायची झाल्यास गणित समजून घेणे आवश्यक आहे. गुंडाळी स्प्रिंगेची कडकी तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. तार १२ ऐवजी १३ मिलिमीटर झाली, एवढ्यानेच स्प्रिंग सुमारे ३८ टक्क्यांनी कडक होते. वेढ्यांची संख्या घटली तरी कडकी वाढते. सहा कार्यरत वेढ्यांपैकी एक कापून टाकला की ती २० टक्के वाढते. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवण्याची काही ठिकाणची रीत म्हणूनच घातक आहे. पल्ला कमी, कडकी जास्त, आणि कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक लोंबकळताच स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. गॅस कटरच्या उष्णतेने पोलादाचे पाणीही उतरते.

कडक स्प्रिंगेबरोबर शॉक ॲब्सॉर्बर तोच ठेवणे ही दुसरी नेहमीची चूक. स्प्रिंग ४० टक्के कडक केली तर तेवढाच आवर घालण्यासाठी शॉक ॲब्सॉर्बरचा विरोध सुमारे १८ टक्के अधिक हवा. तो न मिळाल्यास गाडी आधीपेक्षा अधिक उसळते आणि मालकाचा समज होतो की नवी स्प्रिंग वाईट निघाली.

वेढ्यांच्या मध्ये बसवायचे रबरी बफर भारतीय बाजारात सहज मिळतात. बफर वेढ्यांची हालचाल अडवतो, त्यामुळे स्प्रिंग कडक होते व बसलेली गाडी थोडी वर येते. वर्षातून दोनदा भरलेली गाडी गावी नेणाऱ्यास हा स्वस्त उपाय मोहात पाडतो, पण उरलेले दिवस रिकामी गाडी आदळत राहते आणि अडवलेल्या वेढ्याजवळ ताण एकवटतो. भार सतत बदलत असेल तर हवेच्या दाबावर चालणारी पूरक स्प्रिंग अधिक योग्य, कारण तिची कडकी गरजेप्रमाणे कमी-अधिक करता येते. स्प्रिंग मुळातच थकली असेल तर बफर किंवा हवा काहीच न घालता मूळ मापाची नवी जोडी बसवणे श्रेयस्कर.

पाट्यांच्या गाडीत एक पान वाढवणे किंवा काढणे सर्रास चालते. पान वाढवल्याने भार सोसतो, परंतु आस, ब्रेक व टायर यांची क्षमता वाढत नाही. पाटा तुटत नाही म्हणून ओझे चढत जाते. जुन्या बहुपानी स्प्रिंगेत पानांमधील गंज काढून ग्रॅफाइट ग्रीस भरल्यास त्या पुन्हा मोकळ्या हलतात. हल्लीच्या, मध्ये जाड व टोकांना निमुळत्या होत जाणाऱ्या मोजक्या पानांच्या रचनेत मात्र पाने घालण्या-काढण्याचा खेळ करू नये. तिचे प्रत्येक पान हिशेबाने घडवलेले असते.

कोणताही भाग सुटला की चाकांचे संरेखन, म्हणजे अलाइनमेंट, पुन्हा करावे लागते. स्प्रिंगेची उंची बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालवून, स्प्रिंग जागेवर बसू देऊन ते तपासतात. रबरी बुश घट्ट करताना गाडी चाकांवर उभी असावी. जॅकवर लोंबकळत्या स्थितीत आवळलेला बुश गाडी खाली आल्यावर कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. चांगला कारागीर ओळखण्याची ही एक साधी खूण आहे.

पाऊस, खारी हवा व गंज

पेण तालुक्याचा खारेपाट, मिठागरे व खाड्या यांमुळे हवेत मीठ असते आणि चार महिने मुसळधार पाऊस असतो. गुंडाळी स्प्रिंगेचा सर्वांत खालचा वेढा जेथे बैठकीवर टेकतो तेथे चिखल साचतो, रंग घासला जातो आणि गंजाचा बारीक खड्डा पडतो. रोजच्या दबण्या-सुटण्याने त्या खड्ड्यातून तडा पुढे सरकतो व एखाद्या दिवशी वेढा तुटतो. तुटलेले टोक टायरमध्ये घुसू शकते. पावसाळा संपल्यावर गाडी लिफ्टवर घेऊन खालून धुणे, बैठकीची निचऱ्याची छिद्रे मोकळी करणे आणि धूळरोधक रबरी आवरणे फाटली आहेत का ते पाहणे, एवढी निगा सुधारणेच्या निम्म्या खर्चाची बचत करते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ अन्वये परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. झिजलेला भाग त्याच मापाच्या व गुणवत्तेच्या भागाने बदलणे ही दुरुस्ती आहे, फेरफार नव्हे. उंची बदलणारे संच, अधिक भार वाहण्यासाठी चढवलेली पाने किंवा सांगाड्यात केलेली कापाकापी यांची गोष्ट वेगळी. अशा बाबतीत प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी विचारणा करणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे इष्ट असते. न कळवलेला फेरफार अपघातानंतरच्या दाव्यात अडचणीचा ठरू शकतो. हमीच्या मुदतीतील गाडीत बाहेरचे भाग बसवल्यास संबंधित भागांची हमीही जाऊ शकते.